पाच तुकडे आणि एक पॉलिश पेपर

हे मला आत्ता, या मिनिटाला सांगायचंय. गॅसवर चहा ठेवलाय, उतू गेला तर जाऊ दे, शेगडी मीच पुसणार आहे. आज नाही लिहिलं तर परत चार दिवस "उद्या लिहू" होणार आणि मग ते तसंच राहणार. मी फार फास्ट टाइप करते आणि मागे जाऊन वाचत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

विषय ऐकून हसाल. टूलबॉक्सच्या ड्रॉवरमध्ये खाली काय अंथरायचं, हा विषय आहे. खरंच. पाने आणि पक्कड ठेवतो त्या ड्रॉवरच्या तळाला फोम लावायचा, रबर लावायचं की नमदा. मी त्यावर दोन आठवडे घालवले. आणि त्या नादात मला कळलं की पप्पांच्या उजव्या हाताच्या बोटांना काही लागत नाही. स्पर्शच लागत नाही. आणि पप्पा गॅरेज चालवतात. आधीच सांगून टाकलं, कारण मला सस्पेन्स ठेवता येत नाही आणि यात ठेवण्यासारखं काही नाहीये.

तर.

गॅरेज कार्ल्याच्या फाट्याच्या थोडं पुढे, जुन्या हायवेला. टू-व्हीलरचं. पत्र्याची शेड, पुढे बसायला एसटीचं एक जुनं सीट, आणि आत पप्पांचं कपाट. कपाट म्हणजे पाच ड्रॉवरचा लोखंडी टूलबॉक्स, माझ्या छातीएवढा उंच, खाली चार चाकं, त्यातलं एक फिरत नाही. तळेगावचा एक कारखाना बंद पडला तेव्हा भंगारवाल्याकडून आणलेला. मी तिसरीत होते, टेम्पोत त्याला धरून मागे बसून आले होते. पप्पांचा हात त्या कपाटात न बघता जातो. तोंड गाडीकडे, हात मागे, ड्रॉवर ओढला, पाना हातात. लहानपणापासून तेच बघितलंय, त्यामुळे मला वाटायचं सगळ्यांच्याच पप्पांना असं येतं.

ड्रॉवरमध्ये खाली फ्लेक्स अंथरलेला होता. आमच्याकडे फ्लेक्स मरत नाही. वाढदिवसाचा फ्लेक्स चौकातून उतरला की गंजीवर जातो, तिथून गोठ्यावर, आणि पार भोकं पडली की उरलेला चांगला तुकडा पप्पांच्या ड्रॉवरमध्ये. वरच्या ड्रॉवरमध्ये कुठल्यातरी साहेबांचं अर्धं तोंड होतं. मिशी, एक गाल आणि "वाढदिवसाच्या हार्दि" एवढं. त्यावर दहा-अकराचा पाना. ऑइल मुरून मुरून साहेब काळेठिक्कर पडले होते. दूधवाले काका म्हणायचे, "भाऊ, साहेबांस्नी जरा उनात ठिवा, बुरशी लागंल."

दूधवाले काका म्हणजे पप्पांचं रोजचं गिऱ्हाईक. गाडीला दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, सकाळचं दूध घालून झालं की रिकामे कॅन घेऊन गॅरेजवर एसटीच्या सीटवर बसणार. गाडीला काही झालेलं असो नसो.

आणि अजून एक आधी सांगायला हवं. आई हल्ली सारखं गेटचं काढायची. माझा मामा लोणावळ्यात एका बंगल्याची देखभाल बघतो, त्या बंगल्याच्या गेटवर माणूस हवा होता. खुर्चीत बसायचं, गाडी आली की गेट उघडायचं. आई म्हणायची, बास झालं ते ऑइलमध्ये लोळणं, गेटवर बसा. पप्पा ऐकून घ्यायचे आणि जेवायचे. मला वाटायचं आई उगाच मागे लागलीये. मी पप्पांच्या बाजूनं भांडायचे पण. कोण बसणार गेटवर? एका आवाजावरून कार्ब्युरेटरमध्ये काय अडकलंय सांगणारा माणूस?

आता माझं. मी आयटीआय केलं, फिटर. सुदुंबऱ्याच्या बाजूला एका कंपनीत टूलरूमला अप्रेंटिस आहे. सकाळी मळवलीहून लोकल, बेगडेवाडीला उतरायचं, पुढे सहा सीटर. तिथे पहिल्याच दिवशी मी टूल ट्रॉली बघितली आणि वेडी झाले. ड्रॉवरमध्ये दोन रंगांचा फोम. वर काळा, खाली पिवळा, आणि काळ्यात प्रत्येक पान्याच्या आकाराचा खड्डा कापलेला. पाना उचलला की खालून पिवळं दिसतं. म्हणजे शिफ्ट सुटताना नुसती नजर टाकायची, पिवळं दिसलं की काहीतरी जागेवर नाही. मी फोटो काढून आईला पाठवला. आईचा रिप्लाय, "डबा खाल्ला का."

मग सप्टेंबरात नवीन ट्रॉली येणार होती आणि आमच्या सरांनी ड्रॉवरच्या मटेरियलचे नमुने माझ्या हातात दिले, म्हणाले तू ठरव. त्यांना बहुतेक माझी कटकट नको होती. पण मी मनावर घेतलं. तुकड्यांवर ऑइल ओतून ठेवलं, एक दिवस नळाखाली ठेवले, वरून नट टाकून बघितले. कागदावर तक्ता केला. सरांनी तक्ता बघितला आणि एवढंच म्हणाले की डोळ्यांनी निवडू नकोस, रंगाला भुलशील, डोळे मीट आणि हात फिरव, हाताला कळतं. मला ते इतकं भारी वाटलं की मी ते स्टेटसला टाकलं.

उरलेले तुकडे मी डब्याच्या पिशवीतून घरी आणले. माझा एक धरून पाच होते. एक काळा फोम, दाट, बोट दाबलं की हळूहळू वर येणारा. दुसरा हिरवा नमदा, लग्नाच्या हॉलमध्ये स्टेजवर असतो तसला खरखरीत मऊ. तिसरं रेघारेघांचं रबर. चौथी ती जाळीची चिकट चटई, किचनच्या ट्रॉलीत भांडी सरकू नयेत म्हणून घालतात ती. पाचवं रेक्झिन, ते मीच कामशेतच्या सीट कव्हरवाल्याकडून मागून आणलं होतं. फ्लेक्स माझ्या यादीत नव्हता. फ्लेक्स म्हणजे गावठी, तो काढायचाच होता.

आणि वेळ पण बरोबर जुळली होती. खंडेनवमी आठवड्यावर आली होती. खंडेनवमीला पप्पा सगळं कपाट रिकामं करतात, एकेक पाना डिझेलनं धुतात, पुसतात, शेडमध्ये पोत्यावर ओळीनं मांडतात, हळदकुंकू, झेंडू. म्हटलं ड्रॉवर रिकामे होणारच आहेत, तर यंदा पाने परत ठेवताना खाली नवीन काहीतरी असेल.

रविवार होता, सकाळचे दहा वगैरे. दूधवाले काका एसटीच्या सीटवर, त्यांच्या गाडीची चेन घट्ट करायची होती. मी स्टुलावर पाच तुकडे ओळीनं मांडले.

मी म्हटलं, "पप्पा, डोळे मिटा आणि हात लावून सांगा, कुठला लावायचा."

"चेन बघू दे आधी."

काका म्हणाले, "मिटा की भाऊ. इंजिनेर म्याडम कंपनीतनं आल्यात. चेन कुटं पळतीया?"

पप्पांनी हात फडक्याला पुसला आणि डोळे मिटले. मी त्यांचा हात धरून एकेका तुकड्यावर ठेवला. पहिल्याला म्हणाले बरा हाय. दुसऱ्याला पण बरा हाय. पाचव्यापर्यंत बरा हाय. मी म्हटलं असं नाही, एक नंबर सांगा. म्हणाले दुसरा. मी गुपचूप तुकड्यांची जागा बदलली आणि परत विचारलं. परत म्हणाले दुसरा. मगाशी दुसरा नमदा होता, आता तिथे रबर होतं. मला राग आला. म्हटलं हे सीरियसली घेतच नाहीयेत, माझं मन राखायचं म्हणून काहीपण सांगतायत.

म्हणून मी गंमत केली. फळीवर ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर होता, पप्पा ब्रेक शू घासतात तो. जाडा दाणा. मी काकांकडे बघून डोळा मारला आणि तो स्टुलावर ठेवला, दाणा वर करून. मला बघायचं होतं पप्पा कसे दचकतात.

पप्पांनी बोटं ठेवली. फिरवली. पुढे नेली, मागे आणली, चांगली दाबून. आणि म्हणाले, "मऊ हाय. ह्योच लाव."

काका इतके हसले की रिकामा कॅन लवंडला. मी तर खालीच बसले हसून हसून. मला वाटलं पप्पांना कळलंय आणि त्यांनी माझीच फिरकी घेतली. मी म्हटलं, "काय अ‍ॅक्टिंग आहे पप्पा."

पप्पांनी डोळे उघडले. स्टुलावर बघितलं. मग स्वतःच्या बोटांकडे बघितलं. टोकांवरची कातडी पांढरी पांढरी खरवडलेली होती आणि मधल्या बोटावर लाल टिपका येत होता. हळूहळू मोठा होत होता. त्यांनी तो हात फडक्यात गुंडाळला आणि काकांना विचारलं, "चेन किती ढिली ठिवू?"

एवढंच झालं. काका अजून हसत होते. माझं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, ते काढून कुठे ठेवायचं मला कळेना.

मी माझं बोट पेपरवर फिरवून बघितलं. लागलं. साधं, जसं लागतं तसं लागलं.

आता इथे मला कुणीतरी विचारेल की तेव्हा तुला काय वाटलं. मी पण स्वतःला विचारते रोज लोकलमध्ये. काही नाही वाटलं. खरं सांगते. मला सगळ्या गोष्टी आठवल्या, पण भाजीची यादी आठवावी तशा. महिन्यापूर्वी पप्पांनी काकांच्याच गाडीत स्पार्क प्लग तिरका बसवला होता. प्लग आधी बोटांनी फिरवायचा असतो, आट्यात बरोबर गेला की बोटांना कळतं, मग पाना लावायचा. पप्पांनी तो तसाच पान्यानं दाबला, इंजिनच्या हेडचे आटे गेले, हेड लोणावळ्याला पाठवून नवे आटे पाडून आणावे लागले. आयुष्यात असं झालं नव्हतं. तेव्हा पप्पा म्हणाले होते आता प्लगच असले येत्यात. मग सायलेन्सरला हात लागून फोड आला होता, चांगला बंद्या रुपयाएवढा, तो त्यांना दुपारी आईनं दाखवल्यावर दिसला. मला हे सगळं माहीत होतं. फक्त वेगवेगळं माहीत होतं.

आणि मग मी काय केलं, तर मापं घेतली. खरंच. खंडेनवमीपर्यंत पण थांबले नाही, टेप काढली, वरच्या ड्रॉवरमधले पाने आणि फ्लेक्स बाहेर काढले आणि माप घेतलं. काळा फोम कंपनीच्या भंगारातून सरांना विचारून आणलेला होता, भरपूर होता. तो कापला. पंक्चरचं सोल्युशन फासलं, दोन्ही बाजूंना, सुकू दिलं, चिकटवला. पहिला ड्रॉवर झाला म्हणून दुसरा केला. कडा इतक्या सरळ आल्या होत्या. मी एकदाही वर बघितलं नाही. काका कधी गेले तेही मला माहीत नाही.

पप्पांनी पाने परत ठेवले, फोमवर. काही आवाज आला नाही.

बाराच्या सुमाराला पुण्याकडची दोन मुलं स्कूटर ढकलत आली. वर डोंगरावर चालली होती, मागचं चाक डुगडुगत होतं. पप्पांनी चाक हलवून बघितलं, उभे राहिले, डावा हात सीटवर. उजवा हात मागे गेला, ड्रॉवर ओढला, आत गेला, बाहेर आला, पुढे आला. बोटं मिटलेली, पाना धरतो तशी. आणि ते नटावर वाकले.

हातात पाना नव्हता.

पाना ड्रॉवरमध्येच होता. फोमवर तिरका पडलेला. पप्पांनी तो उचलला होता आणि तो सुटला होता, आणि सुटल्याचा आवाज झाला नव्हता. पप्पांची मिटलेली बोटं नटापर्यंत गेली, तिथे थांबली. त्यांनी बोटांकडे बघितलं. मुलं मोबाइलमध्ये होती. मीच तेवढी बघत होते. मी उठले, पाना उचलला आणि त्यांच्या हातात दिला, त्यांची बोटं त्याच्यावर नीट मिटली का ते बघून हात सोडला. लहान मुलाच्या हातात चमचा देतात तसं. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

स्कूटर गेली. पप्पा एसटीच्या सीटवर बसले. हायवेला रविवारची गर्दी, एकामागून एक बस. मग म्हणाले, "फोम काढ."

मी म्हटलं, "का? घसरत नाहीत आता पाने."

"आवाज काढून घेतलास तू माझा," पप्पा म्हणाले. रागानं नाही, नुसतं सांगितल्यासारखं. "पत्र्यावरनं पाना उचलला की वाजतो. पडला की वाजतो. त्येच्यावर चाललंय माझं. बोटांला काय कळत न्हाई."

"कधीपासून?"

"गणपतीच्या आधीपासनं. पयल्यांदा मुंग्या यायच्या. मंग मुंग्या बी यायच्या बंद झाल्या." मग बोटावरचं फडकं घट्ट करत, "आईला सांगू नको. ती गेटवर बसवंल मला."

मी बरं म्हटलं. पटकन म्हटलं. आणि स्क्रॅपर घेऊन फोम खरवडायला बसले.

तुम्ही कधी पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवलेला फोम काढलाय का? नका काढू. तो निघत नाही, त्याचा चुरा होतो. काळा, रव्यासारखा. नखात, केसात, नाकात. ट्यूबवर ठिगळ लावलं तर ते वर्षभर हवा धरतं, तसल्या वस्तूनं मी ड्रॉवर चिकटवले होते. दोन तास मी तेच करत होते आणि मला बरं वाटत होतं, कारण त्यात काही ठरवायचं नव्हतं.

पहिल्या ड्रॉवरचा पत्रा दिसायला लागला तेव्हा पप्पा जवळ आले, डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले वाजीव. मी एक पाना उचलून परत टाकला. म्हणाले बारा-तेरा. दुसरा टाकला. चौदा-पंधरा. मी फसवायचं म्हणून पक्कड टाकली, म्हणाले पक्कड, आन् ती पक्कड नीट ठेव, टाकू नको. आठ-नऊला मात्र चुकले, दहा-अकरा म्हणाले. मी म्हटलं चूक. त्यांना ते पटेना. म्हणाले परत वाजीव. परत वाजवला. म्हणाले तू खाली फोमचा चुरा ठेवलायस, म्हणून. होता पण थोडा.

तेवढ्यात आई डबा घेऊन आली. रविवारी दुपारी आम्ही तिघं गॅरेजवरच जेवतो. आईनं चुरा बघितला, माझे हात बघितले, पप्पांच्या बोटाला गुंडाळलेलं फडकं बघितलं. काय झालं म्हणून विचारलं नाही. फडकं सोडलं, बोट बघितलं, परत बांधलं. मग भाकरी काढल्या. भाकरी गरम होत्या, तव्यावरून काढून सरळ फडक्यात बांधून आणलेल्या, मला धरवेनात. पप्पांनी उजव्या हातात भाकरी घेतली आणि तशीच धरून बसले. आई बघत होती. म्हणाली, "टाका खाली. भाजंल."

पप्पांनी भाकरी ताटात ठेवली.

आई म्हणाली, "दोन महिनं बघतीया मी. गरम भाकर हातात घिऊन बसताय. मला काय डोळं न्हाईत?"

पप्पा म्हणाले, "मंग बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलाल म्हनून."

गेटचं ती कधीपासून काढत होती, ते मला तेव्हा आठवलं. गणपतीपासूनच. मी तिच्याशी भांडत होते तेव्हापासून.

मग जेवण झालं. एवढं ठरलं की उद्याच्या उद्या लोणावळ्याला डॉक्टरकडे जायचं आणि गेटचं त्यानंतर बघायचं. पप्पा म्हणाले खंडेनवमी झाल्यावर जाऊ. आई म्हणाली उद्या. मी सोमवारी सुट्टी टाकली आणि आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी पप्पांना डोळे मिटायला सांगितलं आणि कापूस आणि टाचणी लावून विचारलं काय लागतंय. मी बाहेर जाऊन उभी राहिले. ते मी बघितलं होतं, आधीच. साखर निघाली, भरपूर. किती वर्षांपासूनची कुणास ठाऊक, कधी तपासलीच नव्हती. गेलेलं परत येईल का, तर डॉक्टर म्हणाले सांगता येत नाही, पण आहे ते राखायचं, पायांना जपायचं, अनवाणी फिरायचं नाही. पप्पांनी एकच विचारलं, पाना धरला तर चालेल का. डॉक्टर म्हणाले धरा, पण बघून धरा.

बघून धरायचं तर पाना दिसायला पाहिजे. म्हणजे परत ड्रॉवरच. मी परत वही काढली, परत तक्ता. पण आता तक्त्यात वेगळे प्रश्न होते. फोम आवाज खातो. नमदा आवाज खातो आणि वर पाणी पितो, आमच्याकडे पावसाळ्यात चार महिने भिंतींना घाम असतो, त्यावर पाने ठेवले की दिवाळीपर्यंत गंजले. रबर आवाज खातं. जाळीत पान्याचं टोक अडकतं. रेक्झिन जरा बरं, पण त्याच्या मागे कापड, ते परत पाणी पिणार. नुसता पत्रा ठेवला तर ड्रॉवर ओढला की सगळे पाने घसरत मागे जातात. शेवटी काय उरलं? फ्लेक्स. पातळ, खाली पत्र्याचा आवाज तसाच येतो, पाणी पीत नाही, पाने फार घसरत नाहीत. पप्पांनी तो काही विचार करून टाकला होता की सहज, माहीत नाही. मी विचारलं तर म्हणाले फुकट मिळतोय म्हनून.

फक्त आता तो पांढरा हवा होता. साहेबांच्या काळ्या मिशीवर काळा पाना दिसत नाही.

आई माळ्यावर चढली आणि एक घडी घेऊन आली. तो माझा फ्लेक्स होता. आयटीआयला पहिली आले तेव्हा मंडळाच्या पोरांनी फाट्यावर लावलेला, हार्दिक अभिनंदन, माझा केवढा मोठा फोटो, केस चापून बसवलेले, आणि खाली शुभेच्छुक म्हणून चौदा पोरांचे गॉगल लावलेले फोटो. तो उतरवल्यावर पप्पांनी गंजीवर जाऊ दिला नव्हता. घडी करून ठेवला होता. मागची बाजू स्वच्छ पांढरी.

मी तो शेडमध्ये उलटा पसरला, पट्टी ठेवली आणि ब्लेड मारलं. ब्लेड नाकावरून गेलं असावं, अंदाजानं. पप्पा म्हणाले, "तोंड वर ठेव."

मी म्हटलं, "पांढरं वर पाहिजे. नाहीतर पाने दिसणार नाहीत."

"मंग एका ड्रॉवरात ठेव वर. खालच्यात. तितं काय न्हाई, जुनं प्लग हायत."

म्हणून खालच्या ड्रॉवरमध्ये माझं अर्धं तोंड आहे. त्यावर जुने प्लग. बाकी चारांत पांढरं. चिकटवलं नाही काही, नुसतं अंथरलंय.

खंडेनवमीला पप्पांनी प्रत्येक पान्याला कुंकू लावलं. एरवी झटपट लावतात. या वेळी एकेकाकडे बघून लावलं, तरी काहींना नुसता डाग आणि काहींना ही एवढी थाप. दूधवाले काका आले होते प्रसादाला. त्यांना पॉलिश पेपरची गोष्ट परत सांगायची होती, आलेल्या लोकांना, केवढी मज्जा झाली ती. त्यांना अजून माहीत नाही. ते सांगत होते आणि लोक हसत होते आणि पप्पा पण हसले. मी पेढे वाटत होते.

प्लगचं राहिलं. प्लग बघून बसवता येत नाही, तो आत असतो. आमच्या टूलरूममध्ये एक करतात, प्लगच्या डोक्यावर पेट्रोल पाइपचा बोटभर तुकडा खोचायचा आणि तो पाइप फिरवायचा. आट्यात बरोबर गेला तर प्लग फिरत आत जातो, तिरका गेला तर पाइप नुसता घसरतो, आटे वाचतात. मी पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "शिकाऊ पोरं करत्यात असलं." विषय संपला. आईनं मामाला फोन करून सांगितलं होतं की गेटचं दिवाळीपर्यंत थांब. म्हणजे तेही संपलेलं नाहीये, नुसतं थांबलंय.

आणि आज सकाळी, म्हणून मी हे एवढ्या घाईनं लिहितेय, मी दहा-अकराचा पाना घ्यायला वरचा ड्रॉवर उघडला. पांढऱ्या फ्लेक्सवर, पुढच्या कोपऱ्यात, पेट्रोल पाइपचा एक तुकडा होता. बोटभर. दोन्ही टोकं सरळ कापलेली. एका टोकाला प्लगचा काळा डाग होता, म्हणजे वापरला होता. मी तो उचलला, बघितला आणि होता तिथे ठेवला. त्याचा आवाज आला नाही, रबर आहे. पप्पांनी वळून बघितलं नाही.

मला वाटलं आता तरी रडू येईल. नाही आलं. मी पाना घेतला आणि ड्रॉवर बंद केला.

चहा गेला बहुतेक, वास येतोय. पण मला तुम्हाला विचारायचंय, खरंच सांगा, खाली लिहा. तुमच्या घरी कधी कुणी खरखरीत गोष्टीला मऊ म्हणालं आणि तुम्ही आधी हसलात, असं झालंय का? आणि नंतर कळलं तेव्हा तुम्हाला लगेच काही वाटलं, की तुम्ही पण माझ्यासारखी टेप काढून मापं घेत बसलात?